ओळखीची नोकरी

(मंडळाच्या वार्षिक सभेनंतर सभासदांपुढे केलेले भाषण. अनेकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



पत्रिकेत आजचा विषय 'रोजगार' असा छापला आहे. घरात आपण तो शब्द वापरत नाही. मुलाचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की आपला पहिला प्रश्न 'कुठे अर्ज केलास?' हा नसतो. 'तिथे आपलं कोण आहे?' हा असतो. आपला गुजराती शेजारी याला ओळखाण म्हणतो, आणि तीच फार जोरात चालली की लागवग म्हणतो. आपण स्वतःच्या कामाला ओळख म्हणतो आणि दुसऱ्याच्या कामाला वशिला. या दोन शब्दांत खरोखर काही फरक आहे का, आणि असल्यास आपल्या मंडळाने त्याचे काय करायचे, एवढेच आज बोलायचे आहे. काही गोष्टी मनाला लागतील. त्या आम्हालाही लागल्या आहेत.

आधी आपलाच इतिहास पाहू. दमाजीराव गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदे घेतले. त्यांच्या फौजेमागोमाग शिलेदार आले, मग कारकून आले, पुराणिक, वैद्य, आचारी आले. जाहिरात वाचून कोणीच आले नाही. एक जण कचेरीत चिकटला की तो मेहुण्याला बोलावी, मेहुणा भाच्याला. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, खारीवाव रोड, इथले वाडे असे भरले. आपल्या घरोघरी मूळ पुरुषाची हकीकत सांगतात, तीत पराक्रम दोन ओळींचा असतो. पण तो कोणाच्या आधाराने इथे आला, कोणाच्या ओसरीवर पहिला महिना राहिला, हे मात्र नावानिशी सांगतात. तेच खरे महत्त्वाचे होते.

सयाजीराव महाराजांच्या काळात, म्हणजे १८७५ ते १९३९ मध्ये, खाती वाढली आणि माणसांची गरज वाढली. महाराजही माणसे ओळखीतून घेत. पण त्यांची ओळख सोयऱ्याधायऱ्यांपुरती नव्हती. १८९२ च्या अखेरीस ते लंडनमध्ये होते. आय.सी.एस.ची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेला, पण घोडेस्वारीच्या चाचणीपायी बाहेर राहिलेला एक बंगाली तरुण तिथे होता. जेम्स कॉटन नावाच्या इंग्रज परिचिताने दोघांची गाठ घालून दिली. दरमहा दोनशे रुपयांवर तो तरुण १८९३ च्या आरंभी बडोद्यास आला आणि १९०६ पर्यंत इथे राहिला. ते अरविंद घोष. ना नात्याचे, ना भाषेचे, ना गावचे. एका तिसऱ्याच माणसाने शब्द टाकला आणि बडोद्याला असा माणूस मिळाला.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले. आपण तो दिवस महाराष्ट्र दिन म्हणून साजरा करतो. आपल्या वाडवडिलांच्या नोकरीचा पत्ताही त्याच तारखेला, दोनदा, बदलला. हुजूर कचेरीतली ओळख संपली. तरी आपण बुडालो नाही. विद्यापीठ झाले, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, त्याच दशकात खत कारखाना उभा राहिला, मागून पेट्रोकेमिकल्स आले. त्या ठिकाणी भरती जाहिरातीने आणि मुलाखतीने झाली. आपली मुले आपल्या गुणांवर लागली असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते बरेचसे खरे आहे. पण जाहिरात आली आहे, अर्ज अमुक तारखेच्या आत हवा, मुलाखतीत अमुक विचारतात, हे कळत होते कुठे? कट्ट्यावर, वाचनालयात, हळदीकुंकवात. ओळखीने जागा मिळत नव्हती, बातमी मिळत होती.

आमच्या मते फरक इथे आहे. ओळख बातमी देते, माणसाबद्दल खरे सांगते आणि बाजूला होते. वशिला जागा देतो, आणि ती दुसऱ्या कोणाची तरी काढून देतो.

आता एक घडलेली गोष्ट. आपल्या मंडळात गणपतीच्या दहा दिवसांत आणि लग्नकार्यात पोळ्या करायला एक बाई येतात. पुष्कळ वर्षे येतात. आपण सगळे त्यांच्या हातच्या पोळ्या खाऊन वाढलो म्हणायला हरकत नाही. त्यांच्या मुलीने इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला, चांगल्या गुणांनी. त्याच सुमारास आमच्या कार्यकारिणीतल्या एका सभासदाला त्याच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, की मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात अगदी याच विषयाची दोन मुले हवी आहेत, तुमच्यात कोणी आहे का? सभासदाने पुण्याला मेहुणीच्या मुलाला कळवले. मुलगा आला, पंधरा दिवस राहिला, बडोदे त्याला लहान वाटले, परत गेला. दुसरी जागा कोणाला सुचवलीच नाही.

ती मुलगी त्या दिवशी आपल्याच सभागृहाच्या मागच्या अंगणात आईला मदत करत होती. तिला नोकरी पुढे लागली, ती एका गुजराती बाईमुळे. आईबरोबर सकाळच्या बसला असणारी ही बाई. दोघींना एकमेकींचे आडनावही माहीत नव्हते. तिच्या दिराच्या ओळखीत सावलीला जागा होती. आम्हाला हे कळले तेव्हा तो सभासद म्हणाला, 'अरे, मला सुचलंच नाही.' तो खोटे बोलत नव्हता. वाईट हेतू असता तर निदान भांडता आले असते. सुचलेच नाही, याला काय करायचे? आणि आम्ही बाकीचे त्याच्या जागी असतो तर आम्हाला सुचले असते, असे छातीठोकपणे सांगणारा एकही जण त्या बैठकीत निघाला नाही.

बसमधल्या त्या बाईची गोष्ट योगायोगाची नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या माणसांना विचारले, की तुम्हाला ही जागा कशी कळली? १९७३ चा त्याचा लेख आणि १९७४ चे पुस्तक आजही वाचतात. शंभरातल्या छप्पन्न जणांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. इथपर्यंत आपल्याला नवल नाही. पण पुढचा प्रश्न त्याने विचारला तो आपण कधी विचारत नाही: त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा, म्हणजे घरचा किंवा घरच्यासारखा, असे शंभरात सुमारे सतराच निघाले. बाकीच्यांना ती बातमी अधूनमधून भेटणाऱ्या, कधी तर वर्षातून एखादेवेळी दिसणाऱ्या माणसाकडून आली होती. २०२२ मध्ये दोन कोटी लोकांच्या ओळखींचा याहून फार मोठा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यातही नोकरी बदलायला जवळच्यांपेक्षा मध्यम-लांबच्या ओळखीच अधिक उपयोगी पडल्या असे दिसले.

कारण साधे आहे. जवळच्या माणसाला जे माहीत असते ते आपल्याला आधीच माहीत असते. आपण पंचवीस-तीस घरे एकमेकांच्या बारशाला, मुंजीला, तेराव्याला जातो. तेच चेहरे, त्याच बातम्या. एकाचा मुलगा बँकेत, दुसऱ्याचा बँकेत, तिसऱ्याचा पुण्यात. इकडे सावलीला मेट्रोचे डबे तयार होतात, २०२४ च्या ऑक्टोबरात बडोद्यात विमाने जुळवण्याच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. तिथे कोणत्या कामाची माणसे लागतात, हे आपल्या कट्ट्यावर किती जणांना ठाऊक आहे? आपली ओळख जुनी आहे, घट्ट आहे, आणि म्हणूनच आता ती फारशी कुठे पोचत नाही.

घट्ट ओळख माणसाला उचलते तशी धरूनही ठेवते. याचे एक उदाहरण मुंबईचे आहे, आणि ते आपल्या मराठी माणसांचेच आहे. गिरण्यांत भरती जॉबर करी. तो आपल्या गावची, आपल्या जातीची माणसे आणी, त्याबद्दल दस्तुरी घेई, आणि नव्या माणसाला गाववाल्यांच्या खोलीत टेकायला जागा मिळे. त्या साखळीवर कोकणातली आणि घाटावरची हजारो घरे जगली. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांत वीस वर्षांच्या काळात शिकलेल्या मराठी मुलामुलींच्या घरांची पाहणी केली. ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजी शिकलेल्यांना कार्यालयांतून जास्त पगार मिळू लागला होता, तरी कष्टकरी जातींतल्या मुलग्यांना जातीच्या ओळखीतल्या जुन्या कामाकडेच नेणाऱ्या शाळेत घालत राहिले. मुली मात्र झपाट्याने इंग्रजी शाळांत गेल्या. का? मुलींसाठी कोणी ओळख राखून ठेवलीच नव्हती. जिच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नव्हता ती मोकळी सुटली आणि पुढे गेली.

हे ऐकून कोणी असे समजू नये की आम्ही मराठी शाळेविरुद्ध बोलतो आहोत. मराठी शाळेसाठी या मंडळाने काय केले ते सभासद जाणतात. आमचे म्हणणे एवढेच, की 'आपल्यातलाच' हा आधार ज्याला मिळतो त्याला तो वाटतो तितका फुकट पडत नाही.

आता ज्याच्यासाठी हे भाषण करायचे ठरवले तिकडे येतो. ओळखीने नोकरी मिळते. नोकरी टिकते कशाने?

मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज संध्याकाळी वाचत बसे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक तिथे येत. त्यांनी मुलाची चौकशी केली, पुस्तके दिली, आणि पुढे मुलाची अडचण झाली तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत त्याला नेले. नात्याचा नाही, जातीचा नाही. बागेत दिसणारा माणूस. भीमराव आंबेडकरांना महाराजांनी आधी दरमहा पंचवीस रुपयांची आणि १९१३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची होती. एका ओळखीने एवढे काम केल्याचे दुसरे उदाहरण आमच्या माहितीत नाही.

१९१७ मध्ये ते कबूल केल्याप्रमाणे बडोद्यास आले. हुकूम होता, पद होते, पदव्या होत्या. राहायला खोली नव्हती. हिंदू खाणावळीत जाता येईना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जिन्यावर आले आणि संध्याकाळच्या आत निघून जायला सांगितले. शहरात त्यांचे दोन मित्र होते. एक हिंदू, त्याने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. दुसरा ख्रिस्ती, त्याने बायकोला विचारायला हवे म्हटले. मग त्या दिवशीचे उरलेले तास त्यांनी कामाठीबागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवले आहे.

त्या वेळी आपले वाडे कुठे होते? इथेच होते. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात. कामाठीबागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आपल्या पणजोबांच्या माड्यांवर खोल्या होत्या. आम्ही कोणा एका घराला दोष देत नाही; तसा पुरावा नाही आणि गरजही नाही. एकाही दारातून 'या' असे आले नाही, एवढे त्या लिखाणावरून कळते. नोकरी महाराजांनी दिली होती, ती शहराने राहू दिली नाही.

आज आपण बागेतल्या त्या जागेवर जाऊन फूल वाहतो. चांगले करतो. पण आपल्या मंडळाच्या अतिथिगृहाचा फॉर्म कोणी अलीकडे पाहिला आहे का? नाव, गाव, कामाचे कारण, आणि चौथ्या ओळीत 'ज्ञाती'. नांदेडहून, जळगावहून, नंदुरबारहून मराठी मुले-मुली इथल्या कारखान्यांत लागतात आणि पहिल्या आठवड्यात खोली शोधत आपल्या दारी येतात. आपल्यापैकी ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिले आहेत ते काय विचारतात? पूर्ण नाव सांगा, असे विचारतात. पूर्ण म्हणजे काय, ते दोघांनाही कळते.

यापुढे सरकारी आणि निमसरकारी नोकऱ्यांचे. इथे आम्हाला ओळखीची भाषा बोलायचीच नाही. राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी सांगितली आहे. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवणे बंधनकारक केले होते. माणूस तिथूनच घ्यावा असे मात्र नव्हते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एक्स्चेंजकडून नावे मागवा, शिवाय वर्तमानपत्रातही जाहिरात द्या. मग कंत्राटी भरतीची पद्धत वाढली. एजन्सी नेमायची, एजन्सीने माणसे घ्यायची, आणि एजन्सीकडे यादी कोणाकडून जाते हे सर्वांना ठाऊक असायचे. आम्हीही अशा एका ठिकाणी दोन मुलांसाठी शब्द टाकला होता. दोघे लागले. मंडळाच्या बैठकीत टाळ्या झाल्या. तीन वर्षांनी एजन्सी बदलली आणि दोघे घरी बसले. एकाचे लग्न त्या नोकरीवर ठरले होते.

१० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले आहे, की जाहिरात आणि स्पर्धा टाळून मागल्या दाराने आलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही. फार वर्षे राबवून घेतलेल्या काहींना पुढे न्यायालयाने दिलासा दिला, २०२४ च्या डिसेंबरातला जग्गो निकाल त्यातला. पण त्यासाठी त्या माणसांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आपण चिठ्ठी देऊन मुलाला नोकरी देत नाही, एक टांगती खुर्ची देतो.

आणि त्या चिठ्ठीची किंमत आपण काय मोजली? निवडणूक आली की सर्व पक्षांचे उमेदवार या सभागृहात येतात. श्रीफळ, शाल, शिवाजी महाराजांच्या तसबिरीला हार. भाषणे झाली की आपले कार्यकर्ते त्यांना बाजूला घेतात आणि हळूच म्हणतात, 'साहेब, आपला एक मुलगा आहे.' एक मुलगा! एवढ्या घरांची मते, दोन-अडीच शतकांचा वास, आणि मागणी काय, तर एक मुलगा. तोही बहुधा कार्यकर्त्याचा भाचा. एकगठ्ठा वजन आपण असे सुटे करून खर्च केले. उमेदवारालाही ते स्वस्त पडते.

येत्या वेळी कार्यकारिणी कोणाही उमेदवाराकडे व्यक्तीचे नाव नेणार नाही, असा ठराव आम्ही मांडत आहोत. मागणी लेखी असेल आणि सर्वांसाठी असेल: कंत्राटी जागासुद्धा जाहीर करा, निवडलेल्यांची यादी फलकावर लावा, आणि १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात, ते घेतले जातात की नाही हे तपासा. यात मराठी मुलाचा फायदा आहे आणि शेजारच्या पटेल-परमारांच्या मुलाचाही आहे. त्यामुळे ही मागणी करताना आपण एकटे नसू.

खाजगी नोकऱ्यांची बातमी मात्र आपण जरूर देऊ. त्यासाठी ऑफिसात एक जाड वही ठेवली आहे. एका बाजूला सभासदांनी लिहायचे: आपण कुठे काम करतो किंवा करत होतो, आणि कोणत्या कामाबद्दल कोणाला माहिती देऊ शकतो. निवृत्त मंडळींनी 'आता आमचं कोण ऐकतं' म्हणून मागे राहू नये. वर्षातून एकदा दिवाळीला फोन करणारा तुमचा जुना सहकारी हीच खरी मिळकत आहे. दुसऱ्या बाजूला काम शोधणाऱ्यांनी लिहायचे. सभासद नसला तरी चालेल, मराठी नसला तरी चालेल. जागेची बातमी कोणाच्याही कानी आली की ती आधी फलकावर लागेल, आणि तीन दिवसांनंतरच कोणी आपल्या पुतण्याला फोन करावा. शेवटच्या अटीवर कार्यकारिणीत बराच वाद झाला. दोघांनी ती काढा म्हटले. ती राहिली आहे.

पोळ्या करणाऱ्या बाईंच्या मुलीला आम्ही वहीत पहिली नोंद करशील का विचारले. ती म्हणाली, करीन, पण दर दुसऱ्या रविवारी मला सुट्टी असते तेव्हाच येईन, आणि येणाऱ्यांना सावलीला कोणत्या बसने जायचे तेही सांगेन. म्हणून वही दर दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा उघडी राहील.

अतिथिगृहाच्या फॉर्मचा नवा नमुना चहाच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात चौथी ओळ नाही. चहा घेण्याआधी अध्यक्षमहाराज तो मतास टाकणार आहेत, तरी कोणी मधेच उठू नये ही विनंती.